नावामागची गोष्ट : एक मांजर, चाळीस नावं



आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. वही-पेन्सिल घ्या आणि ही सहा नावं लिहून काढा.

प्यूमा, कूगर, माउंटन लायन, फ्लोरिडा पँथर, कॅटामाउंट आणि पेंटर.

सांगा पाहू, हे एकूण किती प्राणी झाले?

माझ्या चौथीच्या वर्गात हाच प्रश्न विचारला, तर निम्मा वर्ग ओरडला, “सहा!” एक जण मात्र उठून म्हणाला, “बाई, पाच. पेंटर म्हणजे रंगारी. तो प्राणी नाही!” वर्गात एकच हशा पिकला.

पण गंमत अशी, की उत्तर सहाही नाही आणि पाचही नाही. उत्तर आहे एक! ही सगळी एकाच प्राण्याची नावं आहेत. आणि एवढ्यावरच संपत नाही बरं का. नुसत्या इंग्रजीत या प्राण्याला चाळीसहून जास्त नावं आहेत. सगळ्यात जास्त नावांचा प्राणी म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली आहे.

आपल्याकडे बाळाचं बारसं एकदाच होतं. आत्या कानात कुर्रर्र करते, की झालं नाव पक्कं! मग या पठ्ठ्याची चाळीस बारशी कुणी केली? का केली? आणि नाव बदललं म्हणून त्याचं काही बिघडलं का? चला, आज हीच गोष्ट ऐकू या.

हा आहे तरी कोण?

हा राहतो अमेरिका खंडात. उत्तरेला कॅनडातल्या थंडगार यूकॉनपासून दक्षिणेला थेट चिली-अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत तो आढळतो. त्या गोलार्धात एवढ्या मोठ्या भागात पसरलेला दुसरा जंगली सस्तन प्राणी जमिनीवर नाही. डोंगर, वाळवंट, घनदाट जंगल, दलदल, सगळीकडे तो राहू शकतो. म्हणजे ‘माउंटन लायन’ या नावातला ‘डोंगर’ अर्धाच खरा. फ्लोरिडात तर डोंगर औषधालासुद्धा नाही. तिथं तो दलदलीच्या रानात राहतो.

आणि ‘सिंह’? तो तर अजिबातच खरा नाही! याच्या नराला आयाळ नसते. हा कळपात राहत नाही, एकटा फिरतो. आणि मुख्य म्हणजे याला डरकाळी फोडता येत नाही. सिंह, वाघ, बिबट्या आणि जॅग्वार हे डरकाळी फोडणारे. हा आपला मांडीवरच्या मनीसारखा घुर्र-घुर्र करतो. कधी शीळ घातल्यासारखा आवाज काढतो. मादी कधी कधी अशी किंचाळते, की रानात कुणी बाईच ओरडते आहे असं वाटावं. त्या किंचाळीवरूनही त्याला एक नाव पडलं आहे, ‘डोंगरातला किंचाळ्या’!

अंगापिंडानं तो साधारण आपल्या बिबट्याएवढा, कधी त्याहून थोडा मोठा. मोठ्या नराचं वजन बहुधा ५० ते ७० किलो भरतं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी दोन मीटरहून जास्त. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, त्यामुळे उडी मारण्यात पटाईत. अंगावर ठिपके नाहीत, पट्टे नाहीत. सगळं अंग एकाच रंगाचं, वाळक्या गवतासारखं. हरीण हे त्याचं आवडतं खाणं. शिकार मोठी असली तर थोडी खातो, उरलेली पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो आणि पुन्हा येऊन खातो.

घरचं नाव : प्यूमा

दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची पर्वतरांग आहे. तिथले लोक क्वेचुआ भाषा बोलतात. ‘प्यूमा’ हा शब्द त्या भाषेतला. एके काळी तिथं इंका राजांचं राज्य होतं. इंकांची राजधानी कुस्को. हे शहर प्यूमाच्या आकाराचं वसवलं होतं, असं तिथले लोक सांगतात. टेकडीवरचा साकसायवामान किल्ला म्हणजे त्याचं डोकं. आणि दोन नद्या जिथं मिळतात, त्या जागेचं नाव ‘पुमाचुपान’. अर्थ काय, तर प्यूमाची शेपटी!

तिथल्या माणसांच्या नावातही प्यूमा असायचा. वामान पोमा या नावाचा एक लेखक होऊन गेला. वामान म्हणजे ससाणा आणि पोमा म्हणजे प्यूमा. स्पेनच्या लोकांनी आपल्या लोकांवर कसे अत्याचार केले, हे त्यानं १६१५ च्या सुमाराला स्पेनच्या राजाला चित्रं काढून कळवलं. ते पत्र किती मोठं असावं? सुमारे बाराशे पानांचं! पुढे ते कुठंतरी पडून राहिलं आणि १९०८ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडलं.

तुमच्या वर्गात कुणी वाघ, वाघमारे, कोल्हे किंवा लांडगे आहेत का? मग त्यांना सांगा, जगाच्या पलीकडच्या टोकालाही तुमच्यासारखी नावं आहेत.

सिंह कुठला, आयाळ कुठली?

आता गोष्टीत बाहेरची माणसं येतात. १५०२ साली कोलंबस आपल्या चौथ्या सफरीला निघाला. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर काय काय पाहिलं हे त्यानं लिहून ठेवलं. त्यात चक्क सिंह आहेत! खरं तर अमेरिकेत त्या वेळी सिंह नव्हतेच. मग त्यानं सिंह का लिहिलं?

विचार करा हं. स्पेनच्या राजचिन्हावर सिंह होता. चित्रांत, गोष्टींत, झेंड्यांवर सिंह होता. त्यामुळे पिवळट रंगाचं मोठं मांजर दिसलं, की त्यांच्या तोंडी आलं ‘लेओन’, म्हणजे सिंह. आपल्यालाही अनोळखी पक्षी दिसला, की आपण म्हणतोच ना, “कावळ्यासारखा आहे”? ते लोक फक्त ‘सारखा’ हा शब्द विसरले.

पुढे उत्तर अमेरिकेत, आज जिथं न्यूयॉर्क शहर आहे, तिथं हॉलंडचे व्यापारी आले. ते तिथल्या मूळ रहिवाशांकडून कातडी विकत घेत. या ‘सिंहां’ची कातडी पाहून ते बुचकळ्यात पडले. एकालाही आयाळ नाही! असं सांगतात, की त्यांनी विचारलं, “ही सगळी कातडी सिंहिणींचीच कशी? नर कुठं गेले?” विकणारेही हुशार. ते म्हणाले, “नर फार भयंकर. ते दूर डोंगरात राहतात. तिकडे जायची कुणाची छाती होत नाही.” झालं! व्यापाऱ्यांचं समाधान झालं आणि नसलेला आयाळवाला सिंह डोंगरात जाऊन बसला.

चिली आणि मेक्सिकोत आजही खेड्यापाड्यांतली माणसं प्यूमाला ‘लेओन’च म्हणतात. एकदा तोंडी बसलेलं नाव सहजासहजी जात नाही.

मेक्सिकोची ‘छोटी प्यूमा’

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आता सांगते. मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांची भाषा नावाट्ल. त्या भाषेत प्यूमाला म्हणतात ‘मिझ्तली’. स्पॅनिश लोक जहाजांतून आले, तेव्हा त्यांच्याबरोबर घरातली मांजरंही आली. अॅझ्टेक लोकांनी पाळीव मांजर कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी त्या नव्या पाहुणीकडे पाहिलं. घुर्र-घुर्र करते, दबकत चालते, झडप घालते. आणि तिला नाव दिलं ‘मिझ्तोन’, म्हणजे छोटी प्यूमा!

एकाच मुलखात बघा कशी गंमत झाली. बाहेरून आलेल्यांनी प्यूमाला म्हटलं सिंह. तिथल्या लोकांनी मांजरीला म्हटलं छोटी प्यूमा. कोण बरोबर?

आज प्राणिशास्त्राचे अभ्यासक सांगतात, की प्यूमा हा सिंह-वाघांपेक्षा घरातल्या मांजराला जवळचा आहे. म्हणजे अॅझ्टेक लोकांची नजर पक्की होती. आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो. पण नात्यानं पाहिलं तर वाघ लांबचा, आणि प्यूमा हा मांजराचा खरा चुलतभाऊ.

शेपटी गळालेलं नाव

आता ‘कूगर’ कुठून आला ते पाहू. ब्राझीलमधले तुपी लोक या प्राण्याला ‘सुसुआराना’ म्हणत. अर्थ ‘हरणासारखा’. रंग हरणासारखा म्हणून हे नाव. किती नेमकं नाव आहे ना! ब्राझीलमध्ये ते आजही वापरतात.

पोर्तुगीज लोक हा शब्द लिहिताना रोमन ‘सी’ अक्षराखाली एक बारीकशी शेपटी काढत. शेपटी असली की उच्चार ‘स’ आणि नसली की ‘क’. १६४८ साली ब्राझीलच्या प्राण्यांवर लॅटिन भाषेत एक मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात हे नाव ‘कुगुआकुआराना’ असं उमटलं. नकलून घेताना कुठंतरी ती शेपटी गळाली असावी, असं भाषेचे अभ्यासक मानतात. पुढे ब्यूफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं हे लांबलचक नाव छाटून ‘कूगार’ केलं. त्याचंच इंग्रजीत झालं ‘कूगर’.

म्हणजे आज लाखो माणसं जे नाव घेतात, ते एका बारीक चिन्हाच्या घोटाळ्यातून आलेलं आहे. शुद्धलेखनाच्या तासाला मी ‘चिता’ आणि ‘चित्ता’ यांतला फरक पुन्हा पुन्हा का सांगते, हे आता कळलं? अर्धा ‘त’ राहिला, तर जंगलातला प्राणी थेट स्मशानात पोचतो!

पँथर, पेंटर आणि कॅटामाउंट

‘पँथर’ हा जुना ग्रीक-लॅटिन वळणाचा शब्द. युरोपातले लोक तो बिबट्यासारख्या मोठ्या मांजरांसाठी वापरत. अमेरिकेच्या पूर्व भागात वस्ती करणाऱ्यांनी तोच शब्द प्यूमाला चिकटवला. अॅपलेशियाच्या डोंगराळ भागात ‘पँथर’चा उच्चार झाला ‘पेंटर’. आमच्या वर्गातल्या रंगाऱ्याचा उलगडा झाला ना?

फ्लोरिडा राज्यात ‘पँथर’ हेच नाव रूढ आहे, आणि तिथल्या मुलांनी एक मोठं काम केलं आहे. १९८२ साली राज्याचा प्राणी निवडायचा होता. मत कुणी द्यायचं? तर राज्यातल्या शाळकरी मुलांनी! मगरीसारखे तगडे उमेदवार असतानाही मुलांनी निवडलं फ्लोरिडा पँथरला.

पण हा राज्याचा प्राणी संपायला आला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात जेमतेम वीस-तीस पँथर उरले होते. एवढ्याशा कुटुंबात आपापसातच पिलं होत राहिली, म्हणून काहींच्या शेपट्या वाकड्या, काहींची हृदयं दुबळी. मग १९९५ साली टेक्सास राज्यातून आठ माद्या आणून फ्लोरिडात सोडल्या. टेक्सासात त्यांना कूगर म्हणत, फ्लोरिडात पँथर. त्यांना काय त्याचं! त्यांची पिलं तिथं धडधाकट वाढली. आता फ्लोरिडात मोठे झालेले पँथर १२० ते २३० असावेत, असा तिथल्या वन्यजीव खात्याचा अंदाज आहे. आज त्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे रस्त्यावरच्या मोटारी.

व्हर्मांट राज्याची गोष्ट मात्र अशी गोड नाही. तिथं प्यूमाला ‘कॅटामाउंट’ म्हणत. डोंगरातलं मांजर या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांचा हा आखूड केलेला जोड. तिथला शेवटचा कॅटामाउंट १८८१ साली मारला गेला. आज व्हर्मांट विद्यापीठाच्या खेळाडूंच्या संघांचं नाव कॅटामाउंट आहे. मैदानावर हजारो लोक ते नाव घेऊन ओरडतात, पण रानात तो नाही. नाव राहिलं आणि नावाचा धनी गेला.

शास्त्रज्ञांचं नाव

एका प्राण्याला इतकी नावं असली तर अभ्यासकांनी एकमेकांशी बोलायचं कसं? म्हणून प्रत्येक प्राण्याला एक शास्त्रीय नाव देतात. ते जगभर सारखं. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७७१ साली आपल्या या दोस्ताला नाव दिलं ‘फेलिस काँकलर’. काँकलर म्हणजे एकाच रंगाचा. आता त्याचं शास्त्रीय नाव आहे ‘प्यूमा काँकलर’. म्हणजे शेवटी अँडीजच्या लोकांचं नाव शास्त्रानं मान्य केलं.

पण एक गुपित सांगू? हा ‘एकरंगी’ जन्मतो तेव्हा ठिपकेवाला असतो! पिलांच्या अंगावर काळे ठिपके आणि डोळे निळे. मोठं होता होता ठिपके विरून जातात.

आणि याचा जवळचा नातेवाईक कोण, माहीत आहे? चित्ता! संस्कृतात ‘चित्र’ म्हणजे ठिपक्यांचा, रंगीबेरंगी. त्यावरून ‘चित्ता’ झाला आणि आपलाच शब्द पुढे इंग्रजीत जाऊन बसला. एका भावाचं नाव ठिपकेवाला, दुसऱ्याचं एकरंगी.

चित्त्याच्या नावाची गोष्टही कॅटामाउंटसारखीच. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. त्यानंतरच्या पिढ्यांनी ‘चित्त्यासारखा पळतो’ हा शब्दप्रयोग खुशाल वापरला, पण रानातला चित्ता पाहिला नाही. १७ सप्टेंबर २०२२ ला मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये नामिबियाहून आणलेले चित्ते सोडले. हरवलेल्या नावाला पुन्हा प्राणी मिळावा, म्हणून ही सगळी खटपट.

नाव बदललं, नशीब बदललं

मोठ्या माणसांच्या कायद्यातही नावं असतात, आणि ती फार महत्त्वाची असतात. कॅलिफोर्निया राज्याचंच पाहा. १९०७ पासून १९६३ पर्यंत तिथल्या सरकारदरबारी माउंटन लायन म्हणजे ‘बक्षिसाचा प्राणी’ होता. मारा आणि बक्षीस घेऊन जा! या काळात बारा हजारांहून जास्त माउंटन लायन मारल्याची नोंद आहे.

१९६३ मध्ये बक्षीस बंद झालं. १९६९ मध्ये त्याला ‘शिकारीचा प्राणी’ ठरवलं. म्हणजे परवाना घ्यायचा आणि मारायचा. १९७२ पासून शिकारीवर बंदी आली. आणि १९९० साली लोकांनी मतदान करून त्याला नवं नाव दिलं, ‘खास संरक्षण असलेला सस्तन प्राणी’.

बघा, प्राणी तोच. तीच शेपटी, तीच घुरघुर. पण कागदावरचा शब्द बदलला आणि त्याचं जगणं बदललं.

पी-बावीस

याच कॅलिफोर्नियात एका माउंटन लायनला नावाऐवजी नुसता नंबर मिळाला, आणि तो नंबरच सगळ्या शहराच्या तोंडी झाला. लॉस एंजेलिस या अवाढव्य शहराजवळ शास्त्रज्ञ या प्राण्यांना गळ्यात पट्टा बांधून अभ्यास करतात. ‘पी’ म्हणजे प्यूमा आणि पुढे त्याचा क्रमांक. २०१२ साली शहरातल्या ग्रिफिथ पार्कमध्ये एक नर सापडला. तो पी-२२. तिथं पोचायला त्यानं दोन प्रचंड वाहते महामार्ग ओलांडले असणार! पुढची दहा वर्षं तो त्या बागेच्या रानात एकटाच राहिला. स्टीव्ह विंटर या छायाचित्रकारानं ‘हॉलिवूड’च्या पांढऱ्या अक्षरांखालून रात्री चालत जाणारा पी-२२ टिपला आणि तो जगभर गाजला.

एका नराला एरवी शेकडो चौरस किलोमीटरचं रान लागतं. याच्या वाट्याला आली ती जेमतेम वीस. जोडीदारीण कधीच मिळाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तो जखमी अवस्थेत सापडला. बहुधा मोटारीची धडक बसली होती. त्याचं वयही झालं होतं. वेदनेतून सुटका म्हणून डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं. सारं शहर हळहळलं. त्याच वर्षी २२ एप्रिलला, शहराबाहेरच्या दहा पदरी महामार्गावर प्राण्यांना ओलांडता यावं म्हणून झाडाझुडपांच्या पुलाचं काम सुरू झालं होतं. पी-२२ मुळेच हा पूल घरोघरी माहीत झाला.

आणि आपल्याकडे?

लॉस एंजेलिसची गोष्ट ऐकताना मुंबईच्या मुलांना काही आठवलं का? संजय गांधी राष्ट्रीय उद्यान! मुंबईच्या कुशीतलं हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं रान. त्यात पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. ज्या स्टीव्ह विंटरनं पी-२२ टिपला, त्यानंच पुढे मुंबईचे बिबटेही टिपले.

नावांचा गोंधळ आपल्याकडेही काही कमी नाही. बिबट्या, बिबळ्या, बिबट, ही एकाचीच नावं. कितीतरी गावांत बिबट्यालाही ‘वाघ’च म्हणतात. शहरातली माणसं ठिपके दिसले की बिबट्यालाच ‘चित्ता’ म्हणून मोकळी होतात. वारली लोक ज्या वाघोबाला पुजतात, त्यात तर पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोघंही येतात. ती त्यांची श्रद्धा, आणि शेजाऱ्याला मान द्यायची त्यांची रीत.

पण कधी कधी घाईघाईनं घेतलेलं नाव घातक ठरतं. उसात बिबट्या दिसतो, त्यानं कुणाला काही केलेलं नसतं, तरी बातमी पसरते, “नरभक्षक वाघ आला!” या तीन शब्दांत दोन चुका. तो वाघ नाही आणि नरभक्षकही नाही. पण मग गर्दी जमते, आरडाओरडा होतो, दगड भिरकावले जातात. घाबरलेलं जनावर वाट फुटेल तिकडे धावतं. यात माणसं जखमी होतात आणि बिबट्याही. ‘बिबट्या दिसला, लांब राहा, वन खात्याला कळवा’ एवढंच नीट सांगितलं, तर दोघंही वाचतात.

मग कोणतं नाव कधी वापरायचं?

कंपासपेटीत ठेवायला हा छोटा तक्ता घ्या.

प्यूमा : दक्षिण अमेरिकेबद्दल बोलताना, आणि शास्त्राच्या पुस्तकात.
कूगर : कॅनडा आणि अमेरिकेचा वायव्य भाग.
माउंटन लायन : कॅलिफोर्निया आणि अमेरिकेचा पश्चिम भाग.
पँथर : फक्त फ्लोरिडा. पण जपून! आपल्याकडे ‘ब्लॅक पँथर’ म्हणजे काळा बिबट्या. काळा प्यूमा असल्याचा पक्का पुरावा आजवर मिळालेला नाही.

मराठीत काय म्हणावं? हा प्राणी आपल्या रानात कधी नव्हताच, म्हणून त्याला आजी-पणजीच्या तोंडचं नाव नाही. काही जण ‘पहाडी सिंह’ म्हणतात. पण त्यात पहाडही अर्धा आणि सिंहही खोटा. मला विचाराल तर ‘प्यूमा’ म्हणावं. छोटं आहे, जिभेला सोपं आहे, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्या डोंगरात तो राहतो त्यांचं ते नाव आहे.

आणि नीट न पाहता नावं वापरली की काय होतं, त्याची एक गंमत. अॅपल कंपनी आपल्या संगणकप्रणालींना मांजरकुळातली नावं देत असे. २००१ साली एकीला नाव दिलं ‘प्यूमा’ आणि २०१२ साली दुसरीला ‘माउंटन लायन’. दोन नावं, प्राणी एकच! ही चूक आता तुम्ही चुटकीसरशी ओळखाल.

या आठवड्याचा उद्योग

१. आजी, आजोबा किंवा शेतात काम करणाऱ्या माणसांना विचारा : बिबट्याला तुमच्या लहानपणी काय म्हणायचे? तरसाला, खवल्या मांजराला, उदमांजराला काय म्हणायचे? मिळालेली नावं वहीत लिहा. समोर गावाचं नावही लिहा.

२. तुमच्या गावात, शिवारात किंवा गल्लीत प्राण्याच्या नावाची एखादी जागा आहे का? एखादा ओढा, माळ, टेकडी, देऊळ? तो प्राणी तिथं आता दिसतो का, हे विचारून घ्या.

३. असं एखादं झाड, पक्षी किंवा किडा शोधा, ज्याचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. लगेच कुणाला विचारू नका. दोन दिवस नीट बघा, मग तुम्हीच त्याला नाव द्या. नंतर खरं नाव विचारा आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

पालकांसाठी दोन शब्द

दुसरा उद्योग मुलांबरोबर तुम्हीही करा, ही विनंती. कोल्ह्याचा माळ, सशाचं टेकाड अशी नावं आपल्याला माहीत असतात, पण मुलांना ती कुणी सांगत नाही. ‘इथं कोल्हे होते, मी पाहिले आहेत’ हे वाक्य मुलानं आई-वडिलांच्या तोंडून ऐकलं, तर पुढच्या वेळी त्या माळाकडे ते वेगळ्या नजरेनं बघेल. आणि माळावर अजून एखादा कोल्हा उरला असेल, तर तो आहे तोवरच मुलाला दाखवा. नुसतं नाव हातात देऊन चालणार नाही.

बरं तर मुलांनो, वह्या भरून काढा. पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या नावासह!

तुमच्या बाई